कानानं लावलेलं इंजिन

"ह्या माणसाला हाक मारणं म्हणजे स्वतःचा अपमान स्वतःच करून घेणं," काकू फाटकात उभ्या राहून म्हणाल्या. सांगायचं होतं नवऱ्याला, पण आवाज असा लावला होता की समोरच्या गॅरेजवाल्यालाही कळावं. हातातला चहा निवत चालला होता. नवरा, म्हणजे उस्ताद, बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेले, इंजिन सुरू. दोन हाका मारून झाल्या होत्या. तिसरी मारायची काकूंना सवय नव्हती. त्यांनी कप फाटकाच्या खांबावर आदळला, निम्मा चहा बशीत सांडला, आणि त्या पायरीवर जाऊन बसल्या.

उस्तादांनी जन्मभर टॅक्सी चालवली आणि तिला दुसऱ्याचा पाना कधी लागू दिला नाही. गाडीचं पोट दुखो की डोकं, उपचार घरीच. आता टॅक्सीचा दिवा उतरला होता, गाडी घरची झाली होती, पण नेम सुटला नव्हता. 'उस्ताद' हे नाव समोरच्या बारक्यानं पाडलेलं. हा बारक्या आता गॅरेजच्या दारातून तिरका होऊन आत शिरायचा, तरी नाव बारक्याच राहिलं होतं.

इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह हलवणारे आठ दांडे असतात. त्यांच्या टोकाशी केसाएवढी फट ठेवावी लागते. सगळी दुनिया ती फट पातळ पत्ती घालून मोजते. उस्तादांनी पत्तीला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवायचं, स्क्रू आवळत न्यायचा, टिकटिक थांबली की पुन्हा सैल करत यायचं, आणि ती कानाला नुसती लागली की हात थांबवायचा. गाडी सांगते ना, मग पत्तीला कशाला विचारायचं, असं ते म्हणत.

"गाडीचं बरं ऐकू येतं," काकू म्हणत. ह्या बोलण्यात चेष्टा होती तशी एक जुनी सलही होती.

मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा काकूंनीच तिला सांगितलं होतं, ह्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. बोलल्या खऱ्या, पण त्यानंतर घास गोड लागेना. मग एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता, पाठमोऱ्या बसलेल्या नवऱ्याला त्यांनी हळूच विचारलं होतं, "पोरीला बोलावून घेऊ का?" उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला 'करू का' म्हणून विचारलं नव्हतं. उस्ताद पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. बस्स, तेवढंच. काकूंनी उरलेल्या घड्या घातल्या, कपाट लावलं, आणि तो विषय तिथेच मिटवला. बाप नको म्हणत असेल तर आईनं कशाला नाक घासायचं? ह्या गोष्टीला दीड वर्ष होत आलं होतं.

उस्तादांनी इंजिनावरचं झाकण बसवलं, नट आवळले, आणि बॉनेट टाकून खुशीत मागे सरले. "बघ. लोण्यासारखं चालतंय की नाही?"

भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तसं इंजिन वाजत होतं. शेजारच्या खिडकीतून एक बाई डोकावून गेली.

बारक्या हात पुसत रस्ता ओलांडून आला. "उस्ताद, आत चमचे विसरलात का काय?"

त्याला हसताना पाहून उस्तादही हसले. "तेच तर म्हणतोय मी. चक्कर मारून येतो."

चक्कर मारून आले तेव्हा चेहरा थोडा उतरला होता. "दम कमी वाटतो रे. पेट्रोलच भेसळीचं दिलंय लोकांनी." इंजिन बंद करून ते हात धुवायला घरात गेले.

"बघ रे जरा," काकू म्हणाल्या. "आणि माझ्या दारात तेल सांडलंस तर तुझ्याच शर्टानं पुसायला लावीन."

"पुसतो की. हा शर्ट तसाही तुमच्या फाटकाला पुरून उरेल एवढा आहे."

बारक्यानं झाकण काढलं. खिशातून पत्ती काढून पहिल्या फटीत घातली. ती आत गेली. तिच्या जोडीला दुसरी घातली, तीही गेली. तो पुढच्या दांड्याकडे वळला, मग त्याच्या पुढच्या. मस्करी कुठल्या कुठे गेली होती.

"कुठला सैल राहिलाय?" काकूंनी विचारलं.

"कुठला म्हणून सांगू? आठही."

"म्हातारपण. आवळायचंच विसरले असतील."

"विसरले असते तर एक सैल, एक घट्ट असं निघालं असतं, काकू. हे सगळे सारखे आहेत. आठांत केसाचा फरक नाही. एवढं नेटकं काम मला अजून जमत नाही." तो पत्ती बोटांत फिरवत राहिला. "हात नाही चुकलेला त्यांचा."

"मग काय चुकलंय?"

बारक्यानं घराच्या दाराकडे पाहिलं. "टिकटिक ऐकू येईपर्यंत सैल करतात ना ते. ती ऐकू यायला त्यांना एवढं सैल करावं लागलं."

काकू पायरीवरून उठल्या.

"मी तर बरेच दिवस समोर उभं राहूनच बोलतो त्यांच्याशी," बारक्या म्हणाला. "पाठीमागून बोललं की उत्तर येत नाही. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. तुम्ही घरातल्या."

"मला सगळं ठाऊक असतं," काकू म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या. "तू तुझं काम कर. मापानं लाव ते."

आत उस्ताद बेसिनशी पाठमोरे उभे होते, नखांतलं काळं काढत. काकू त्यांच्या मागे हातभर अंतरावर जाऊन थांबल्या.

"उद्या ती गाडी भंगारात देते," त्या म्हणाल्या.

एरवी एवढ्या वाक्यावर घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. उस्तादांनी साबण पुन्हा हातावर फिरवला.

मग काकूंनी आवाज खाली आणला. त्या संध्याकाळी होता तेवढाच. "पोरीला बोलावून घेऊ का?"

उस्तादांनी नळ बंद केला, टॉवेल ओढला, वळले, आणि दचकले. "तू कधी आलीस?"

काकू भिंतीला टेकल्या. मग सरळ होऊन त्यांच्या तोंडासमोर आल्या. "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

उस्तादांनी टॉवेलात हात बराच वेळ पुसले. "तसं येतं. कमी येतं. बहिऱ्याच्या हाती स्टिअरिंग कोण देईल?"

"आणि बायकोला सांगायला काय झालं होतं?"

"तू सगळ्या गल्लीला ऐकवलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून काकूंनी ते सोडून दिलं. "पोरीला बोलावून घेऊ का, असं मी विचारलं होतं तुम्हाला. मागल्या वर्षी. तुम्ही पेपर वाचत होता."

उस्ताद त्यांच्या ओठांकडे बघत होते. "मला विचारलंस?"

"नाही. भिंतीला विचारलं."

ते खुर्चीवर बसले. "ती येऊन गेली," ते म्हणाले.

"कोण?"

"पोरगी. सहा महिने झाले. बारक्याच्या गॅरेजवर आली होती, मला एकट्याला भेटायला. नवऱ्याला परदेशात काम मिळालं, म्हणाली, कायमचे चाललो. मला विचारलं, आईनं कधी माझं नाव काढलं का?"

"मग?"

"मी नाही म्हटलं. तू काढलंच नव्हतंस. म्हणजे मी ऐकलं नव्हतं."

काकूंनी टॉवेल त्यांच्या हातून घेतला आणि त्याची घडी घालायला लागल्या. ओला टॉवेल घडी धरेना. "रडली?"

"तुझीच लेक. नाही रडली. पत्ता लिहून आणला होता, देणार होती. माझं ऐकलं आणि परत पर्समध्ये ठेवला. जुना नंबर नंतर बंद झाला."

बाहेर बारक्यानं इंजिन सुरू केलं. आता ते खरोखर लोण्यासारखं चाललं होतं, दुरून नदी वाहावी तसा एकसारखा हलका आवाज.

"झालं का त्याचं काम?" खिडकीतून बारक्याकडे बघत उस्तादांनी विचारलं.

काकूंनी मान हलवून हो म्हटलं. पोरीची गोष्ट त्यांनी आजवर फाटकाबाहेर जाऊ दिली नव्हती. पण हळू बोलून भागणार नव्हतं. त्यांनी आवाज चढवला, एवढा की बाहेर बारक्यानं इंजिन बंद केलं.

"आयुष्यात एकदा खोटं बोलायचं होतं तुम्ही. एवढंसं खोटं. नेमकं तेव्हाच तुम्हाला खरं बोलायचं सुचलं."