एक डोळा कात्रीवर

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. लाकडाचा. मी पळत नाही, खिंकाळत नाही, हरभरे मागत नाही. केस कापण्याच्या एका दुकानात, भल्यामोठ्या आरशासमोर, एका लोखंडी खांबावर मला बसवलेले आहे. मोठ्यांच्या खुर्चीत बसवले तर लहान मुलांचे डोके आरशात दिसतही नाही, म्हणून त्यांना माझ्या पाठीवर बसवतात. गळ्याभोवती पांढरे कापड बांधले की स्वार तयार!

पण आरशासमोर जन्म काढणे म्हणजे काय असते, ते तुम्हाला सांगून कळायचे नाही. तुम्ही सकाळी भांग पाडायला आरशापुढे उभे राहता, नाकावर एखादी पुटकुळी दिसली तर हिरमुसता आणि खेळायला गेलात की विसरून जाता. मला तशी सोय नाही. डोळ्यांना पापण्या नाहीत, मान वळत नाही आणि समोर सदासर्वकाळ मीच.

मला घडवणारा सुतार हाताचा चांगला होता, हे मी आधीच सांगतो. माझी पाठ अशी गुळगुळीत, की आजवर एकाही मुलाला कुसळ टोचलेले नाही. पण त्याने खरा घोडा जवळून पाहिला नसावा. माझी शेपटी इतकी जाड आहे, की नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मला पाहूनच. एक नाकपुडी मोठी, एक लहान. दात असे रंगवले आहेत, की मी स्वतःच्याच विनोदावर हसतो आहे असे वाटावे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याने ते माणसासारखे समोर काढले. बरे, काढले ते काढले, एका बैठकीत तरी काढावेत! उजवा डोळा त्याने जेवणाआधी रंगवला आणि डावा पोटभर जेवून आल्यावर. उजवा सरळ समोर बघतो. डाव्याच्या वेळी सुताराला डुलकी आली असणार, कारण त्या डोळ्याचे बुबुळ पार बाहेरच्या कोपऱ्याला जाऊन बसले.

सुताराची बायको मला पाहून म्हणाली, "अहो, हा तर दोन गावांना एकदम निघालाय!"

माझ्या कानावर पडलेले हे पहिले वाक्य. विसरेन कसे?

दुकान ज्याचे, त्याला सगळे मामा म्हणतात आणि त्याच्या बायकोला मामी. मामा कात्री चालवतो. मामी पाणी गरम करते, खाली पडलेले केस झाडते आणि गिऱ्हाइकांच्या रांगेवर लक्ष ठेवते. दिवस संपला की ती ओल्या फडक्याने मला पुसते. कानात अडकलेले केससुद्धा काढते. मला गुदगुल्या होतात, पण सांगणार कोणाला?

या दुकानात मला एक गोष्ट मात्र शिकायला मिळाली. आरशासमोर बसलेला प्रत्येक माणूस एक खास चेहरा करतो. रस्त्याने जाताना तो चेहरा त्याच्याकडे नसतो. कोणी हनुवटी वर करतो, कोणी गाल आत ओढतो. आमचे मास्तर एका कानापासून निघालेले थोडेसे केस टक्कल ओलांडून दुसऱ्या कानापर्यंत नेतात आणि मग श्वाससुद्धा जपून घेतात. हवालदारसाहेबांच्या मिशीचे एक टोक वर जाते आणि दुसरे खाली. कितीही पीळ द्या, खालचे खालीच. ते महिन्यातून एकदा मिशीला कलप लावून घ्यायला येतात आणि कलप वाळेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. अख्खा रस्ता ज्यांना घाबरतो, ते मिशीच्या एका टोकाला घाबरतात! मला हसू येते. पण दात आधीच बाहेर असल्यामुळे कोणाला कळत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र आमच्या दुकानाचे नाव होते. दुसरीकडे रडून गोंधळ घालणारी मुले माझ्या पाठीवर चिडीचूप बसत. मामाला वाटे, हा आपल्या हाताचा गुण. मामीला वाटे, तिने दिलेल्या पेपरमिंटच्या गोळीचा. आणि खोटे कशाला बोलू, मला वाटे हा माझ्या आयाळीचा रुबाब. खरे कारण आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

एके दिवशी बाकावर बसलेला एक तरुण मला निरखून पाहत म्हणाला, "मामा, तुमचा घोडा चकणा आहे की काय? एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक गल्ल्यावर!"

सगळे दुकान खो खो हसले. मास्तर इतके हसले, की त्यांचे केस जागेवरून हलले. मामाही हसला, पण त्याच्या मनाला ते लागले. माझ्या तर फारच लागले. त्यानंतर कोणीही आरशात पाहून हसले, की मला वाटे, हा माझ्याच डोळ्याला हसतोय.

मग दुकानाची पाटी रंगवायला रंगारी आला, तेव्हा मामा त्याला म्हणाला, "जाता जाता याचे डोळेही सरळ करून टाका हो."

आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तशी माझी गत झाली. रंगाऱ्याने दोन्ही डोळे पांढरे करून मधोमध दोन काळीभोर बुबुळे काढली. वर नाकपुड्याही सारख्या करून दिल्या. रंग वाळला आणि मी आरशात पाहिले. मित्रांनो, काय सांगू! इतका देखणा घोडा मी आरशात कधी पाहिला नव्हता. मी मलाच बघत राहिलो. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता, आणि तो जेमतेम दुपारपर्यंत टिकला.

दुपारी एक मुलगा केस कापायला आला. माझ्यावर बसला, आरशात इकडेतिकडे पाहिले आणि लगेच चुळबुळ करू लागला. कात्री कानाजवळ येताच त्याने मान झटकली. कान वाचला हे नशीब! त्याच्यामागून आलेल्या मुलीने माझी आयाळ धरून असा आकांत मांडला, की समोरचा चहावाला धावत आला. एक पठ्ठ्या तर अर्धे केस कापलेले असताना उडी मारून गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर पळाला. पुढे तो, मागे त्याची आई आणि तिच्या मागे कंगवा घेऊन मामा.

असे रोजच होऊ लागले. पेपरमिंटच्या गोळ्या संपल्या, मामाचा घसा बसला. हळूहळू मुलांना घेऊन येणाऱ्या आया चौकापलीकडच्या दुकानात जाऊ लागल्या. मी देखणा झालो आणि माझ्या पाठीवर धूळ बसू लागली.

एका संध्याकाळी मामा म्हणाला, "घोडा जुना झाला गं. मुलांना आता त्याची मजा वाटत नाही. भंगारवाल्याला विचारून बघतो."

मामी मला पुसत होती. तिचा हात थांबला. "विचारा," ती म्हणाली, "पण मी दुकानात नसताना विचारा."

माझ्या तोंडचे पाणी पळाले. समोर आरशात तो देखणा घोडा होता. पहिल्यांदाच मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी हवालदारसाहेब मिशीला कलप लावून बसलेले असताना बेकरीवाले आपल्या दोन मुलांना घेऊन आले. धाकटा बंड्या आधीच रडत होता. मोठी मुलगी म्हणजे आमची जुनी दोस्त. तिच्या टाळूवर केसांचा एक तुरा कायम ताठ उभा असतो, म्हणून मामा तिला तुरेवाली म्हणतो. तेल लावा, पाणी लावा, टोपी घाला. टोपी काढली की तुरा हजर.

माझ्यावर बसताच ती म्हणाली, "मामा, आज हा तुरा कापूनच टाका. उद्या शाळेत फोटो आहे. सगळे मला हसतील."

"बाळे, कापला तर तो आणखी ताठ उभा राहील," मामा म्हणाला.

तिचा चेहरा पडला. तिने समोर आरशात पाहिले आणि मग माझ्याकडे.

"मामा, आपला घोडा कुठे गेला?"

"हाच की गं तो."

"हा नाही. याचे डोळे वेगळे आहेत."

"चकणा होता ना तो. लोक हसायचे, म्हणून सरळ करून घेतले."

"मी नव्हते हसत," तुरेवाली म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. "त्याचा एक डोळा माझ्याकडे असायचा आणि एक तुमच्या कात्रीकडे. तो लक्ष ठेवायचा, म्हणून मला भीती नाही वाटायची. आता दोन्ही डोळे माझ्याकडेच. मग कात्रीकडे कोण बघणार?"

इथेच घोडे पेंड खात होते, मित्रांनो! मुले स्थिर बसत ती माझा कोणता डोळा कुठे बघतो ते शोधत. इतकी वर्षे ज्या डोळ्याची मला लाज वाटली, तोच डोळा माझे सगळे काम करत होता.

इतक्यात रडणारा बंड्या दाराबाहेर पळाला आणि बेकरीवाले, मामा, मामी तिघेही त्याला धरायला धावले. तुरेवाली खाली उतरली. हवालदारसाहेबांना तोंड उघडता येत नव्हते. त्यांनी बाजूची कलपाची वाटी आणि ब्रश उचलून मुकाट्याने तिच्या हातात दिले.

ती माझ्यासमोर उभी राहिली. जीभ दातांत धरून तिने एका डोळ्याचे बुबुळ मधून ओढत ओढत थेट बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत नेले. पण एक गंमत झाली. ती मला कायम पाठीवरून, आरशातच बघत आलेली. तिच्या लेखी माझा तिरपा डोळा डाव्या हाताला. आता समोर उभी राहिली, तर तिच्या डाव्या हाताला आला माझा उजवा डोळा! म्हणजे आयुष्यभर सरळ असलेला माझा उजवा डोळा तिरपा झाला. आणि थोडाथोडका नाही, सुताराच्या डुलकीपेक्षाही जास्त.

मामा बंड्याला काखेत घेऊन आत आला आणि मला बघून ओरडला, "अगं, हे काय केलंस?"

हवालदारसाहेबांनी नजर वर छताकडे लावली.

मामाने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि बंड्याला माझ्या पाठीवर ठेवले. बंड्याने किंचाळायला तोंड उघडले. समोर माझे डोळे दिसले. तोंड तसेच उघडे राहिले, पण आवाज आला नाही. त्याने मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे, मग अगदी स्थिर बसला आणि माझ्या डोळ्यांचा माग काढू लागला. मामाची कात्री त्याच्या दोन्ही कानांभोवती फिरून आली तरी त्याला पत्ता नाही. बेकरीवाले हळूच म्हणाले, "घरी न्यायला मिळेल का हा घोडा?"

"विकायचा नाहीये!" मामा आणि मामी एकदम म्हणाले.

मला हसू आले. यावेळी ते सगळ्यांना कळले असावे असे वाटते.

निघताना मामाने कंगवा ओला केला आणि तुरेवालीला म्हणाला, "चल, फोटोपुरता बसवून बघू तुझा तुरा."

तिने माझ्याकडे पाहिले आणि डोक्यावर हात ठेवला. "राहू दे. घोड्याचं पण राहू दिलंत ना."

तो फोटो आता आमच्या आरशाच्या कडेला लावलेला आहे. दुसऱ्या रांगेत, सगळ्या चापूनचोपून बसवलेल्या डोक्यांमध्ये एक तुरा दिमाखात उभा आहे आणि त्याखाली तिचे सगळे दात दिसत आहेत. अगदी माझ्यासारखे.

मित्रांनो, तुमच्यातही एखादा तुरा, एखादा बाहेर आलेला कान, एखादा वाकडा दात असेलच. आरशासमोर थोडा वेळ कुरकुर करा, मीही करतो. पण रंगाऱ्याला बोलावण्याआधी एखाद्या दोस्ताला विचारून बघा. आणि कुठे जुना लाकडी घोडा दिसला, तर त्याच्या कानांतले केस तेवढे काढा.

मामी रोज पुसते, त्यामुळे माझ्या डोळ्यातला कलप महिनाभरात फिका पडतो. मग हवालदारसाहेब येतात. आधी मिशीचे वर जाणारे टोक काळे होते, मग खाली जाणारे, आणि वाटीत जो कलप उरतो, तो मामा ब्रशवर घेऊन माझ्यासमोर येतो.

"हं, सरळ बघ," तो म्हणतो, आणि मला पुन्हा तिरपा करतो.