पेमाच्या मनगटावरची गाठ

गोजरबाईला राग आला की ती आधी पदर खोचायची आणि मग तोंड उघडायची. हिंगोलीच्या दवाखान्यात त्या सकाळी तिनं पदर खोचला, तेव्हाच तिचा दीर तातेराव समजून चुकला की आपली काही धडगत नाही. पण तोही हट्टाला पेटलेला.

पहाटे विहिरीच्या पायऱ्यांवर गोजरबाईच्या लेकीला, पेमाला, हाताच्या बोटाला साप चावला. गावच्या हरिचंद मांत्रिकानं मनगटावर दोरी करकचून आवळली, मंत्र पुटपुटला आणि तो कळमनुरीच्या बाजाराला चालता झाला. संध्याकाळी परतणार. ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची, दुसऱ्याचा हात लागला की विष उलटतं, अशी रीत. पोरीचा पंजा वांग्यासारखा काळानिळा पडला, तरी गाठीला कुणी बोट लावीना. मोठे शहाणे!

डॉक्टर दौऱ्यावर होते. तातेरावानं मारलेला साप पोत्यात घालून आणला होता. कंपाउंडर विश्वंभरनं पोतं उघडून बघितलं.

"अहो, ही पाण्यातली दिवड. हिला विष नाही. दोरी सोडा आधी!"

तातेरावानं काठी आडवी धरली. "खबरदार! पोरगी मेली तं जिम्मेदार कोन?"

विश्वंभर स्वभावानं भित्रा. काठीशी झोंबणं त्याच्यानं व्हायचं नव्हतं. पण खिडकीपाशी त्याचा एक नाद मांडलेला होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेला जिता बेडूक, आणि त्याच्या बोटांमधल्या पातळ पडद्यावर रोखलेली खुर्दबीन, बारीक वस्तू मोठी दाखवणारी.

"बाई, इकडं या. एक डोळा झाका आणि बघा."

गोजरबाईनं वाकून बघितलं. "अगं बया!" पडद्यात बारीक बारीक पाट होते आणि त्यांतून रक्ताचे कण एकामागं एक चालले होते. एका जागी पाट फारच अरुंद झाला. कण तिथं अडला, दुमडला, लांबुळका झाला आणि सटकन पार गेला. मागचाही तसाच गेला.

"वाट ल्हान, ह्यो मोठा. मंग घुसला कसा?"

"मऊ असतो. काळजाचा रेटा मागून आला की अंग चोरून निघतो. आपले तर याहून मऊ. आता बघा हं." विश्वंभरनं बेडकाच्या पायाला दोरा आवळला. रांग मंदावली, जागच्या जागी थरथरली आणि थांबली. एकही कण हलेना. त्यानं दोरा सोडला, तशी रांग हिसका खाऊन पुन्हा चालू लागली.

"पेमाच्या पंजात हेच होऊन राहिलंय. संध्याकाळपर्यंत हात राहायचा नाही."

गोजरबाई ताठ झाली. "कातर द्या."

"वयनी, रीत हाय!"

"रीत तुमची, हात माझ्या लेकीचा!"

"दोरी कापली तं घरात पाय ठिऊ नका, सांगून ठिवतो."

गोजरबाईनं त्याची काठी हातानं बाजूला सारली आणि कच्चकन दोरी कापली. हातात मुंग्यांचा डोंब उसळला तशी पेमा किंचाळली.

"बघा, विष उलटलं! रडून राहिली पोरगी!"

"रडू द्या. मेलेल्या हाताला रडू येत न्हाई, भावजी."

रक्त परतलं की दाबलेलं नख पुन्हा गुलाबी होतं, म्हणून विश्वंभरनं दाखवलं तसं तिनं पेमाचं नख दाबून सोडलं. पांढरंच. पुन्हा दाबलं. पांढरंच राहिलं. पण पोरीचा हात तिनं सोडला नाही, दाबत राहिली, सोडत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग नखाच्या कडेनं गुलाबी रंग हळूहळू चढला आणि गोजरबाई सगळ्या दवाखान्यादेखत हमसून रडली.

दुपारी ती लेकीला घेऊन बाहेर आली. तातेराव बैलगाडीपाशी उभा होता.

"आता कुठं जाता? घरात न्हाई घेनार म्हनलं ना मी."

"घर माझ्या मालकानं बांधलं, भावजी. बैल बी माझे, गाडी बी माझी. तुमाला यायचं तं मागं बसा, न्हाई तं पायी या."

पेमा पुढं जाऊन बसली. त्याच हातानं तिनं कासरा धरला. बोटं अजून सुजलेली होती, पण तिनं तो सोडला नाही.