काकूंचे खरे वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. धान्याचा नाही आणि भंगाराचाही नाही. माझ्यावर माणसे चढायची. एका छोट्या विमानतळावर, तिकिटाच्या टेबलाला लागून माझी जागा होती. आता मी गोदामात पडून आहे आणि माझ्या पत्र्यावर कोणीतरी रंगाचे डबे रचून ठेवले आहेत.

माणसांचे वजन कशाला करायचे, असे तुम्हाला वाटेल. आमच्याकडून सुटणारे विमान जेमतेम नऊ जणांचे. ते दूरच्या तशाच एका छोट्या विमानतळावर जायचे, मध्ये कुठेही न थांबता. खाली आधी डोंगर, मग नुसते पाणी. एवढ्या लांबच्या पल्ल्याला टाकी गच्च भरावी लागे, आणि इंधन जितके जास्त तितकी माणसे आणि सामान कमी. म्हणून उडण्याआधी प्रत्येकाला माझ्यावर उभे राहावे लागे.

जाड पत्रा, आत मजबूत स्प्रिंग आणि वर ताटाएवढी तबकडी, असा मी कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा माझा काय रुबाब होता! कॅप्टनसुद्धा माझ्या शब्दाबाहेर जात नसत. प्रवासी मात्र मला बिचकायचे. कोणी बूट काढी. कोणी खिशातल्या किल्ल्या बायकोच्या हाती देई, आणि ती बिचारी त्याच किल्ल्या घेऊन त्याच्यामागून चढे. कोणी पोट आत ओढून धरी. पोट आत घेतल्याने वजन घटत नाही, मित्रांनो. टेबलामागच्या ताई हसू दाबून आकडा वाचायच्या आणि सकाळी आल्या आल्या मला कोरड्या फडक्याने पुसायच्या.

त्या मार्गाने एक काका-काकू नेहमी जात. काका शिंपी. काकूंना मोठे दुखणे जडले होते. त्यांच्यावर उपचार करणारे इस्पितळ पलीकडच्या गावात होते आणि त्यांची लेकही लग्न होऊन तिथेच गेलेली. रस्त्याने दोन दिवस लागत. काकूंना ते झेपणारे नव्हते. विमान आठवड्यातून एकदाच जाई, आणि दोघे जोडीने त्यातून जात आणि येत.

एकदा काकू माझ्यावर चढल्या आणि आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. "किती उतरले हो मी," त्या म्हणाल्या आणि पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

पुढच्या खेपेला काका त्यांची पिशवी धरून अगदी मागे उभे राहिले. काकू चढल्या तशी त्यांनी बुटाचे टोक हळूच माझ्या कडेवर टेकवले आणि दाबले. काटा पुढे सरकला. "बघा, भरतेय मी!" काकू म्हणाल्या. ताईंना टेबलाआडून पाय दिसत नसत. काकांचा पाय म्हणजे जन्मभर शिलाई मशीन चालवलेला पाय. किती दाबायचे ते त्याला नेमके कळे. काकू दर खेपेला हलक्या होत गेल्या आणि काकांना दर खेपेला जरा जास्त जोर द्यावा लागला. तबकडी काहीही सांगो, माझ्या स्प्रिंगला काकू किती उरल्या आहेत ते कळत होते, आणि मला फार वाईट वाटायचे.

मग तो दिवस आला. वारा उलटा होता. कॅप्टननी जादा इंधन भरायला सांगितले. काका आधी चढले, मग काकू, आणि मागे नेहमीप्रमाणे काकांचा पाय. ताईंनी सगळ्यांची बेरीज केली, पुन्हा केली आणि टेबलामागून बाहेर आल्या.

"काका, थोडक्यासाठी अडतंय हो. तुमची बॅग मागे ठेवली तरी चार-पाच किलो जास्तच होतंय. पेशंटला तर पाठवायलाच हवं. तुम्ही पुढच्या आठवड्यात जाल का?"

काकांच्या पायाचा भार त्याहून जास्त होता. "तो माझा पाय होता," एवढे काकांनी म्हणायचा अवकाश, दोघांनाही जाता आले असते. काकांचे ओठ हललेही. त्यांनी काकूंकडे पाहिले.

काकू माझ्या तबकडीकडे बोट दाखवत होत्या. "बघितलंत? या खेपेला तर चांगलीच वाढले मी."

"हो ना," काका म्हणाले, आणि त्यांनी पिशवी काकूंच्या हाती दिली.

"या मग मागून. लेक येतेय मला घ्यायला. आणि जेवत जा वेळेवर, मशीनवर बसलात की भान राहत नाही तुम्हाला."

विमान दिसेनासे झाले तरी काका कुंपणाशी उभे होते. पुढचे विमान जायच्या आतच काकू गेल्या.

काही दिवसांनी काका पलीकडच्या गावाहून एकटेच परत आले, हातात काकूंची पिशवी घेऊन. ते माझ्या पत्र्याच्या कडेवर बसले आणि त्यांनी ताईंना सगळे सांगून टाकले.

ताई म्हणाल्या, "अहो काका, मला एक शब्द बोलायचात! तुम्हाला बाहेर बसवून मी त्यांचं पुन्हा वजन केलं असतं."

"तिला कळलं असतं ना, पोरी. घरीसुद्धा तिचे कपडे मी गुपचूप आत घेत होतो, सैल झालेले कळू नयेत म्हणून." काकांनी डोळे पुसले. "आणि तिला सगळं माहीतच होतं. लेकीला म्हणाली, शिंप्याच्या बायकोला नवा टाका ओळखू येत नाही होय? पायाचंही माहीत होतं. मग तू का नाही बोललीस, असं लेकीनं विचारलं. तर म्हणे, चारचौघांत त्यांची मान खाली गेली असती."

पुढे तो मार्गच बंद झाला. आता मोठ्या शहरावरून वळसा घालून जावे लागते, आणि मोठ्या विमानात माणसांचे वजन कोणी करत नाही.

मला पुसा, तेलपाणी करा, असे मी तुमच्यापाशी मागायला हवे. आपली कहाणी सांगणारे माझ्यासारखे सगळे तेच मागतात. मी गंजलो तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि तुम्हाला भीती वाटते हे त्याला सांगून टाका. त्यालाही वाटतच असते. मित्रांनो, त्या दिवशी एवढ्या लांबच्या वाटेवर काकूंच्या शेजारची जागा रिकामी गेली.