टोचन लावून नेलेलं माहेर

लीलाला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सातवा महिना, दोनदा अंगावरून गेलेलं, आणि मुळशी धरणापासून माहेरच्या नेऱ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. तिनं खाटेवरून उठायचंसुद्धा नाही, असा हुकूम होता. तिचा नवरा जयसिंग धरणावर नोकरीला होता आणि त्याचं क्वार्टर एका खोलीचं. रंभाबाईंनी लेकीपाशी जाऊन दोन-अडीच महिने राहायचं म्हटलं, तर रात्री पाय कुठं पसरायचे हाच प्रश्न होता.

रंभाबाईंचे मालक हैबतराव दोन दिवस गोठ्यामागे जाऊन काहीतरी मोजत होते. मग एका सकाळी ते गोठ्यामागच्या ट्रेलरवरचा कडबा उतरवायला लागले.

हैबतराव मिलिटरीत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. हवालदार होऊन घरी आले तेव्हा खडकीच्या एका लिलावातून त्यांनी हा दोनचाकी ट्रेलर आणला होता. वर पत्र्याची छोटी खोली, बाजूला एक खिडकी, मागे दार. पूर्वी वायरलेसवाली माणसं त्यात मुक्काम करायची. नेऱ्यात तो आल्यापासून एकदाही हलला नव्हता.

"लेक हितं येत न्हाई, तर आपन खोली घिऊन तितं जाऊ," ते म्हणाले.

रंभाबाईंनी ट्रेलरकडे पाहिलं. "वडनार कोन ह्याला?"

"मौला हाय की."

मौला शेजारच्या मारुंजीचा. त्याची मॅटॅडोर सकाळी पुण्याला भाजी न्यायची आणि लग्नसराईत वऱ्हाडं. हैबतराव-रंभाबाई दोघंही त्याला घरच्यासारखी. पण हैबतरावांनी काय करायचंय ते सांगितलं, तेव्हा त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी त्याचं पोट होती.

"तात्या, बंद पडलेली जीप म्या टोचन करून आनलीय. पर तिच्यात श्टेअरिंग धरून माणूस बसतो. ह्या खोलीला कोन धरनार?"

"ती गाडीच्या मागनं येती. नीट जोडली तर."

"आन न्हाई नीट जोडली तर?"

"म्हनून तर तुला बोलावलंय," हैबतराव म्हणाले.

दोघं कामाला लागले. मौलाला वाटत होतं, मागच्या बंपरला आकडा वेल्डिंग करून भागेल. हैबतरावांनी मान हलवली. बंपर उपटून हातात येईल, म्हणाले, आकडा चासीला, गाडीच्या सांगाड्याला, धरला पाहिजे. त्यांनी जाड पट्टी चासीच्या दोन्ही अंगांना बोल्टांनी आवळली आणि तिच्या मधोमध आकडा बसवला. ट्रेलरच्या दांडीचं लोखंडी कडं त्यात अडकवायचं आणि वरून पिन मारायची. शिवाय दांडीखालून दोन साखळ्या, एकमेकींवरून फुली मारून. कडं निसटलंच, तर दांडी रस्त्यात रुतू नये म्हणून. मौलाने ट्रेलरची चाकं बदलून घेतली, मागच्या दिव्यांची वायर ओढली आणि दोन्ही बाजूंना लांब दांडीचे आरसे लावले. नाहीतर त्या पत्र्याच्या खोलीमागचं काही दिसलंच नसतं.

सगळं जोडून झालं तेव्हा मौला चार पावलं मागं जाऊन उभा राहिला.

"तात्या, खोली मागं कललीय. नाक वर हाय तिचं."

हैबतरावांनाही ते दिसलं होतं. आकडा वितभर उंच बसला होता. पट्टी काढून पुन्हा खाली बसवायची तर भोकं नव्याने पाडावी लागणार होती. ते उद्या करू असं ठरलं.

पण त्याच संध्याकाळी एस.टी.च्या कंडक्टरकडून जयसिंगचा निरोप आला. लीलाला पुन्हा त्रास झाला होता आणि ती सारखी आईचं नाव घेत होती.

सकाळी रंभाबाई सामान भरत असताना आकडा खाली बसवायचं नाव कुणीच काढलं नाही. खाट आणि अंथरुणं आधी आत गेली, ती पुढच्या भिंतीला लागली. मग ट्रंक, स्टोव्ह, पाळण्याचे लाकडी पाय. तांदळाची दोन पोती आणि जातं सगळ्यात शेवटी चढवलं, म्हणून ते दारापाशीच राहिलं. मौलाने दार लावलं, पिन दोनदा हलवून पाहिली आणि हैबतरावांना म्हणाला, "नाक आनिकच वर गेलं."

"हळू जाऊ."

माण गावापर्यंत सगळं ठीक चाललं. मौला बैलगाडीच्या थोडं पुढं जाईल एवढ्याच वेगाने चालवत होता आणि डोळे रस्ता सोडून सारखे आरशाकडे जात होते. पण डिझेलच्या वासाने रंभाबाईंना आधीच मळमळत होतं. घोटावड्याच्या खिंडीच्या पायथ्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून ओकल्या आणि रस्त्याकडेला बसल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"मी न्हाई आता ह्या डब्यात बसत," त्या म्हणाल्या. "मी मागं खोलीत बसते. तितं वास न्हाई."

मौला म्हणाला, "काकू, टोचनातल्या गाडीत माणूस बसवत नसत्यात."

"मग मला हितंच सोडा आन तुमी जावा."

मौलाने हैबतरावांकडे पाहिलं. हैबतरावांना नियम मौलापेक्षा चांगला माहीत होता. मिलिटरीत तो मोडणाऱ्याला त्यांनी स्वतः शिक्षा दिली होती. पण समोर बायको रस्त्यावर बसली होती आणि तिकडे लेक वाट पाहत होती.

"खिंड उतरूस्तर बसू दे," ते म्हणाले.

"तात्या."

"मी सांगतोय न्हवं."

रंभाबाई मागच्या दाराने चढल्या आणि फटीतून वारा लागावा म्हणून दारापाशीच पोत्यांवर बसल्या. मौलाने दार बाहेरून लावलं. मग आकड्याची पिन त्याने पुन्हा एकदा हलवून पाहिली.

चढ चढताना गाडीचा मागचा भाग हलका लागत होता. एका वळणावर मागचं चाक खडीवर नुसतंच फिरलं, मग धरलं. माथ्यावर पोचल्यावर मौलाने श्वास सोडला. समोर उतार होता, मऊ मातीचा, मध्ये दोन वळणं. तो दुसऱ्या गिअरवर उतरायला लागला.

पहिलं वळण नीट गेलं. मग डाव्या चाकाखाली एक खड्डा आला, आणि उजव्या आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली. लगेच ती नाहीशी झाली आणि डाव्या आरशात आली. मग पुन्हा उजव्या. हातातलं स्टिअरिंग आपोआप ओढ घ्यायला लागलं, जणू मागून कुणी गाडीचं शेपूट धरून हलवत होतं.

"ब्रेक मार," हैबतराव म्हणाले.

"न्हाई."

"मौला, ती आत हाय. ब्रेक मार."

मौलाने जरासा पाय ठेवला. मागून धक्का आला, मॅटॅडोरचं बूड दरीच्या बाजूला सरकलं आणि हैबतरावांचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं. मौलाने पाय उचलला. आता ना ब्रेक, ना अॅक्सिलरेटर. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, झोके येतील तसं ते वळवायचं नाही एवढंच मनाशी घोकत. वळवलं की झोका वाढतो, हे त्याच्या हातांना कळून चुकलं होतं. पण उतारावर गाडी आपोआप वेग घेत होती, आणि प्रत्येक झोक्याला पत्र्याची खोली आधीपेक्षा जास्त बाहेर फेकली जात होती.

खालच्या वळणावर धूळ उठलेली दिसली. समोरून एस.टी. वर येत होती.

हैबतरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि मागे तोंड करून ओरडले, "रंभे, घट्ट धर!" आयुष्यात त्यांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. वाऱ्यात ते तिला ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मौलाने हॉर्नवर तळवा दाबून धरला. एस.टी. डोंगराच्या अंगाला घुसून थांबली. तिच्या आणि दरीच्या मध्ये एक गाडी जाईल एवढी जागा होती. झोके खाणारी गाडी त्यातून जाणं शक्य नव्हतं.

आणि मग झोका कमी झाला.

मौलाला आधी ते खरंच वाटलं नाही. उजव्या आरशात खोलीची बाजू अर्धीच दिसली. डाव्यात त्याहून कमी. स्टिअरिंगची ओढ ढिली पडली. मॅटॅडोरचं बूड, जे खिंडीच्या पायथ्यापासून तरंगत होतं, ते खाली बसल्यासारखं झालं. त्याने अगदी हलका ब्रेक दिला आणि गाडीने तो मानला. एस.टी.च्या खिडक्यांतले चेहरे हातभर अंतरावरून मागे गेले. पन्नासेक पावलांवर सपाटी होती. तिथं मौलाने गाडी डोंगराच्या अंगाला टेकवली आणि चाकांना दगड लावायला उडी मारली.

हैबतराव त्याच्या आधी मागे पोचले होते. दार उघडेना. आतून पोतं दाराला टेकलं होतं.

"रंभे."

आतून आवाज नाही. दोघांनी मिळून दार रेटलं. पोतं सरकलं. आत सगळीकडे तांदूळ सांडला होता, आणि त्या पलीकडे, अगदी पुढच्या भिंतीजवळ, खाटेला पाठ लावून, पायांनी जातं अडवून रंभाबाई बसल्या होत्या. दुसरं पोतं त्यांनी बरोबर ओढत नेलं होतं. उजवं मनगट सुजायला लागलं होतं.

"मेली न्हाई मी," त्या म्हणाल्या. "जरा दम खाऊ द्या."

हैबतराव आत चढले आणि तांदळातच त्यांच्याजवळ बसले. रंभाबाईंचं सुजलेलं मनगट त्यांनी हातात घेतलं.

"तुमाला दोगांना कळलं न्हाई व्हय?" रंभाबाई म्हणाल्या. "गाडी उलाळ झालीया. सगळं वजन मागं, नाक वर. बैलगाडी उलाळ झाली की आमी काय करतो? पुडं सरकतो. तसं सरकले. जातं लई जड हाय मेलं."

मौला दारात उभा होता. त्याला एकदम हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. जन्मभर तोही बैलगाडीत बसला होता. भरताना आधी जुवाकडचं वजन बघायचं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. इंजिन जोडलं म्हणून ते विसरायचं कारण नव्हतं.

"चूक माझी हाय," हैबतराव म्हणाले. "आकडाबी माझा, आन तुला आत बसीवलं तेबी म्याच."

"बसीवलं न्हाई. मी बसले." रंभाबाई पदराने मनगट बांधत होत्या. "आता भांडत बसू नगा. लीला वाट बघतीया."

पण मौलाने घाई करू दिली नाही. त्याने सगळं सामान रस्त्यावर उतरवायला लावलं. जातं आणि पोती चाकांच्या बरोबर वर, जराशी पुढं ठेवून दोराने जखडली. हलकं सामान मागे गेलं. नाक पुरतं खाली आलं नाही, तरी दांडीने आकड्यावर भार धरला. गाडीखाली आडवं पडून त्याने पट्टी पाहिली. एक बोल्ट दोन आटे ढिला झाला होता. तो आवळून, पिन पाहून, हात पुसत तो उठला.

"आन काकू पुडं बसनार. वकायचं तर खिडकीतनं वका."

रंभाबाई दोघांच्या मध्ये बसल्या. पौडपर्यंत आणि पुढं धरणापर्यंत मौलाने गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली. त्या तीनदा ओकल्या. तीनही वेळा हैबतरावांनी त्यांचं कपाळ धरलं. मागून पाच-सहा गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या, मौलाने कुणाकडे पाहिलं नाही.

क्वार्टरांशी पोचले तेव्हा जयसिंग धावत आला. लीलाची खाट खिडकीपाशी होती. तिघा पुरुषांनी ट्रेलर सोडवला, हातांनी रेटत त्या खिडकीशेजारी आणला आणि चारी कोपऱ्यांना विटा लावल्या. आता पत्र्याच्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की लीलाच्या खिडकीच्या गजांना लागत होता.

लीला पडल्या पडल्या बघत होती. "आई, हे काय आनलंस?"

"माहेर," रंभाबाई म्हणाल्या आणि सुजलेला हात पदराखाली घेऊन आत शिरल्या. चहा ठेवायचा होता.