एका दिवसाला एक पान

डर्मटचा अंगठा आधी ओठांना लागे, मग पानाच्या कोपऱ्याला. आणि शंभर वर्षांहून जुना तो कागद वाळल्या पिंपळपानासारखा कुरकुरत उलटे. त्या आवाजासरशी खोलीतला उजेडही कूस बदलतो, असं मला वाटायचं. पश्चिमेची खिडकी, तिच्यापलीकडे पावसाने सदाच ओली असलेली कुरणं, शेकोटीत जळणाऱ्या टर्फचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांचा, मातकट धूर, आणि या सगळ्याच्या मधोमध, खुर्चीत, चौऱ्याऐंशी वर्षांचा हा उंच, वाकलेला, निळ्या डोळ्यांचा माणूस. त्याचा आवाज खरबरीत होता, पण खालच्या पट्टीत गेला की जुन्या रहाटाचं पाणी लागल्यासारखा गार व्हायचा. संध्याकाळचे पाच वाजले की आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाबाहेरच्या त्या घरात तो वाचायला बसे, आणि मी ऐकायला.

वही त्याच्या आजोबांची. ते तरुणपणी इथून न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या एका बेसबॉलच्या मैदानावर गवत राखायच्या कामाला लागले. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ; दांडू आहे, चेंडू आहे, धावा आहेत, फक्त धाव काढायला चार टप्पे, चार बेस, गोल फिरून यावे लागतात. १९०८ चा अख्खा हंगाम, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, आजोबांनी पेन्सिलीने उतरवून ठेवला होता, एका दिवसाला एक पान. त्या वर्षी तीन संघ शेवटच्या आठवड्यापर्यंत एकमेकांच्या टाचांवर पाय देत धावत होते. कोण पुढे, कोण मागे हे रोज सकाळी बदलायचं. डर्मटचा नियम असा की ज्या तारखेचं पान त्याच तारखेला वाचायचं. पुढे डोकावायचं नाही, मागे वळायचं नाही. १९०८ च्या रविवारी तिथे खेळ नसे, म्हणून त्या तारखांना वही बंद. एखाद्या पानावर एवढंच असे, 'पाऊस. खेळ नाही.' बाहेर आयर्लंडचं दुर्मीळ ऊन कुरणावर लोळत असलं तरी डर्मट ते तीन शब्द वाचून गंभीरपणे वही मिटायचा आणि म्हणायचा, "आज काही नाही रे, बॉस. भिजलं सगळं." एकशे काही वर्षांपूर्वीच्या पावसात भिजून आम्ही दोघं मुकाट्याने चहा प्यायचो.

असे तीन हंगाम मी ऐकले. निकाल पाठ होता, तरी दर एप्रिलला त्याच्या तोंडून तो हंगाम नव्याने पालवायचा.

मी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. माझी बायको इथल्या इस्पितळात परिचारिका. तिच्या नोकरीच्या बोटाला धरून मी आलो. बाकीची मराठी मंडळी पदव्या आणि लॅपटॉप घेऊन उतरली, मी जीभ घेऊन उतरलो. ती मला वडिलांनी दिली. ते आटपाडीच्या बैलबाजारात हेडी होते, बैलांचे दलाल. रुमालाखाली हात घालून, नुसत्या बोटांवर, ते असा भाव करायचे की समोरच्याला घरी गेल्यावर कळे आपण काय देऊन बसलो. डर्मटची जुनी व्हॅन घ्यायला मी पहिल्यांदा त्याच्या दारात गेलो, तेव्हा दोन तास घासाघीस झाली. तो चिडला, मी भडकलो, दोनदा मी उठून फाटकापर्यंत गेलो. शेवटी त्याने तळहातावर थुंकून हात पुढे केला, आणि सौदा झाल्यावर मिळालेल्यातलीच एक नोट 'नशिबाची' म्हणून मला परत दिली; इथल्या गुरांच्या बाजारातली ती जुनी रीत. माझ्या वडिलांशी या माणसाचं जमलं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. त्या दिवसापासून मी त्याचा झालो, आणि तो माझा, असं मी धरून चाललो.

गेल्या मार्चमध्ये माझ्या शेजारच्या घरात श्रीरंग राहायला आला. पुण्याचा, तिशीतला, औषधांच्या कारखान्यात अभियंता. मीच त्याला डर्मटकडे नेलं. माझ्याच हाताने कुऱ्हाडीला दांडा घातला. पहिल्याच पानाला हा खुर्चीतून पुढे सरकला. "दादा, काय भारी आहे हे, यार!" असं मला मराठीत, आणि डर्मटला इंग्रजीत दहा प्रश्न. आजोबा कुठे राहायचे, गवत कशाने कापायचे, उन्हात टोपी घालायचे का. तीन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. डर्मटचे डोळे असे उजळले, जणू ढग सरकून डोंगराचा एखादाच उतार उन्हात यावा आणि तो उतार आपल्या मालकीचा नसावा. त्याने श्रीरंगला शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मी बसायचो.

मेमध्ये एकदा आम्ही दोघंच असताना डर्मटने वही मिटली आणि विचारलं, "ही कशी वाटते तुला, बॉस?"

"जुने कागद," मी म्हणालो. "वाळवी लागली नाही हेच खूप."

तो हसला. "तुला हवीय का?"

वडील म्हणायचे, जो बैल मनात भरला त्याच्याकडे बघायचंच नाही. त्याच्या शेजारच्याचे दात मोजायचे. मी खिडकीबाहेर बघितलं, खांदे उडवले. "घरात ठेवायला जागा कुठे आहे?" आणि वाट बघत बसलो, की तो पुन्हा विचारेल. आमच्या धंद्यात दुसऱ्यांदा विचारतातच. पण विकायच्या व्हॅनसाठी तीनदा विचारणाऱ्या त्या माणसाने द्यायच्या वस्तूसाठी एकदाच विचारलं होतं.

जूनमध्ये वही श्रीरंगच्या मांडीवर दिसली. डर्मटची नजर मंदावली होती. श्रीरंग वाचायचा, डर्मट डोळे मिटून ऐकायचा. मी कामाचं निमित्त करून जायचं कमी केलं. रस्त्याने जाताना मात्र गाडी आपोआप मंद व्हायची, आणि खिडकीतल्या त्या दोन डोक्यांकडे बघत मी पुढे निघून जायचो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डर्मट गेला. इथल्या रीतीप्रमाणे त्याला घरातच, उघड्या पेटीत, निजवलं होतं. शेजारीपाजारी सँडविच घेऊन येत होते, चहाच्या किटल्या थांबत नव्हत्या, कोपऱ्यात कुणी त्याच्या गोष्टी सांगून हसतही होतं. स्वयंपाकघरात कप काढत असलेल्या श्रीरंगला मी गाठलं.

"म्हातारा एकटा बघून बरोबर वहीवर हात मारलास!"

 कप खाली ठेवून तो हळू म्हणाला, "दादा, ते आधी तुम्हालाच देणार होते. मला म्हणाले, त्याला विचारलं मी. त्याला नकोय."

बाहेर कुणीतरी हसलं. किटलीची शिटी वाजत राहिली.

"हवी होती मला," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा, भाव न करता. "अजून हवी आहे. दे."

"नाही दादा," तो म्हणाला. "वही सांभाळायला मी त्यांना हो म्हणालोय. पण पाचला माझ्याकडे या. रोज या."

गेलो. न जाण्याइतका मी मोठा नाही. तेवीस सप्टेंबरचं पान आलं. बरोबरीत आलेला सामना, शेवटचा डाव. फटका बसला, विजयाची धाव निघाली, लोक मैदानात घुसले, आणि पहिल्या बेसवरचा एकोणीस वर्षांचा खेळाडू आनंदाच्या भरात दुसऱ्या बेसला पाय न लावताच तंबूकडे वळला. नियमाने तो बाद, म्हणून दुसऱ्याची ती विजयी धावही रद्द. हा सामना ऑक्टोबरात पुन्हा होणार आणि त्यात आजोबांचा संघ हरणार, हे मला पाठ होतं. अख्खा हंगाम त्या काही पावलांत गेला. श्रीरंग ते पान बातमीपत्रासारखं भरभर वाचत सुटला.

"थांब," मी म्हणालो. "तो वळतो, तिथे थांब. डर्मट तिथे श्वास घ्यायचा. मग पुढची ओळ, की लोकांनी गवताची नासधूस केली."

श्रीरंग थांबला. डर्मटसारखा श्वास घेऊन त्याने ती ओळ वाचली. मग श्रीरंगने डोळे पुसले आणि विचारलं, "अजून कुठे थांबायचे ते?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

सगळं आठवतं. एकेक जागा. पण त्या मी त्याला देणार नाही, निदान या हंगामात नाही. माणूस जाताना लिहिलेलं एकाला देऊन जातो आणि न लिहिलेलं दुसऱ्याला. आणि मग उरलेला सगळा काळ दोघंही, आपल्या वाट्याला न आलेल्या अर्ध्याकडे बघत, त्याची आठवण काढत बसतात.