अठ्ठावन्न टक्के

तू आधी नुसतं ऐक. मध्ये शहाणपणा शिकवू नकोस, शेवटी तुला विचारणारच आहे.

इल्वाने चार्जरची केबल दोन्ही हातांनी ओढून उपटली. ती गोठून काठीसारखी ताठ झाली होती, आणि गाडीत भरले होते फक्त एकतीस टक्के. डोंगराखालच्या त्या पंपावर चार्जर दोन, त्यातला एक बंद, दुसऱ्यासमोर तिच्या आधी तीन गाड्या. तिचा नंबर येईपर्यंत बॅटरी इतकी गार पडली होती की वीज आत जाता जाईना. चाळीस मिनिटांत नऊवरून एकतीस. अजून अर्धा तास मिळाला असता तर काही प्रश्नच नव्हता. पण फाटकाजवळ पिवळा दिवा फिरायला लागला, म्हणजे बर्फाच्या ट्रकमागून डोंगर ओलांडणारी गाड्यांची रांग सुटणार.

दुपारचा दीड वाजला होता आणि बाहेर काळोख. जानेवारीत आपल्याकडे, इतक्या उत्तरेला, दुसरं काय असणार.

डोंगराच्या पलीकडे, किनाऱ्यावरच्या गावात, तिचा एस्किल होता. पाच वर्षांचा. एक आठवडा बापाकडे, एक आठवडा हिच्याकडे, शुक्रवारी पाच वाजता अदलाबदल. दोनदा तिला उशीर झाला होता, दोन्ही वेळा याच डोंगरामुळे. सकाळी त्या बापाचा, सिंद्रेचा, मेसेज आला होता, भांडणबिंडण नाही, अगदी शांत: "पाच म्हणजे पाच. आज चुकलीस तर सोमवारी वकिलाकडे जातो. एस्किल माझ्याकडेच राहील." हा माणूस शांतपणे बोलतो ना, तेव्हा तो ते करतोच.

फाटकाशी बॉर्गिल उभी होती. बर्फ सारणारा ट्रक तीच चालवते, रांग तीच नेते. हातात वही, टोपीवर बर्फाचा थर. ती एकेका गाडीची काच खाली करायला लावून तेच तीन प्रश्न विचारत होती: अंगात लोकर आहे का, खायला आहे का, गाडीत किती टक्के आहे.

इल्वाच्या थोडं पुढे कॉलेजची दोन पोरं होती.

"किती?"

"बावीस," पोरगा म्हणाला.

"बावीसमध्ये आज वर पोचशील आणि खाली येशील मे महिन्यात. गाडी इथेच लावा. दोघं माझ्या ट्रकच्या केबिनमध्ये चला." मग तिने मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझी केबिन भरली हो. आता कोणाचं कमी असेल तर त्याने पंपावर मुक्काम करायचा. वॅफल मिळतात, मरणार नाही कोणी. ही आजची शेवटची रांग. पुढची रविवारी, वाऱ्याची मर्जी असेल तर."

रविवारी. आज शुक्रवार होता.

तिच्या अगदी पुढच्या गाडीत एक म्हातारा होता, याल्मार म्हणून, त्याच किनाऱ्यावरचा. बॉर्गिल त्याला ओळखत होती.

"काका, किती?"

"सत्तर."

"वय नाही विचारलं मी."

"वय एक्क्याऐंशी. गाडी माझ्याहून तरुण आहे, लिही तू."

तिने लिहिलं आणि इल्वाच्या काचेशी आली.

"लोकर?"

"आहे."

"खायला?"

"ब्रेड, संत्री. थर्मासमध्ये कॉफी."

"किती?"

"अठ्ठावन्न," इल्वा म्हणाली.

हा आकडा कुठून आला ते तिला आजही सांगता येत नाही. साठ म्हटलं असतं तर ठोकून दिल्यासारखं वाटलं असतं. अठ्ठावन्न कसं, बघून सांगितल्यासारखं. बॉर्गिलने वाकून आत बघितलंसुद्धा नाही. आपल्याकडे कोण बघतं गं, माणसाने सांगितलं की झालं. तिने वहीत लिहिलं. "चारही इंडिकेटर चालू. पुढच्याचा दिवा सोडायचा नाही. काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. अगदीच अडलात तर तीन लांब हॉर्न, सगळे थांबतील. पण एकदा थांबलो की दहा मिनिटांत चाकं गाडली जातात सगळ्यांची, तेव्हा उगाच वाजवू नका."

फाटक वर गेलं. पुढे बॉर्गिलचा ट्रक, मागे याल्मार, त्याच्या मागे इल्वा, तिच्या मागे नऊ गाड्या.

वरचा रस्ता सेहेचाळीस किलोमीटर. उन्हाळ्यात ही गाडी तेवढ्याला चौदा टक्के खाते. त्या दिवशी बाहेर उणे एकोणीस होतं, आणि वारा असा की गाडीला धरून कोणीतरी गदागदा हलवतंय. इल्वाने पहिल्या वळणावर हीटर बंद केला. तिच्या सीटखालची गरमी तेवढी ठेवली, ती फारसं खात नाही. बाजूच्या सीटची दोन वर्षं बंदच आहे, दुरुस्तीला कोण नेतंय.

पाच किलोमीटरवर काचा आतून धुरकटल्या. दहावर तिच्याच श्वासाचं बर्फ काचेवर धरलं. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने लायब्ररीच्या कार्डाने काच खरवडायची, तळहाताएवढी जागा मोकळी व्हायची, त्यातून याल्मारच्या गाडीचे लाल दिवे दिसायचे, की परत झाकलं. रस्ता दिसतच नव्हता. कडेचे खांब दिसायचे, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. आणि मध्ये पडद्यावर तो आकडा. एकवीस. वीस. मोठा चढ आला आणि एकाच वळणात दोन गेले. ती मोठ्याने आकडे म्हणायला लागली, म्हणजे निदान कोणाचातरी आवाज येईल.

तेराला पुढचे लाल दिवे गेले.

म्हणजे एकदम गेलेच. समोर नुसतं पांढरं. तिचा पाय ब्रेकवर गेला, गाडी तिरकी घसरली, आणि त्या पांढऱ्यातून आधी एक लाल दिवा उजळला, मग दोन हात वर आले. याल्मार. गाडीतून उतरून, तिच्या दिव्यांसमोर उभा, उघड्या हातांनी थांब थांब करत. त्याच्या पोटापासून हातभर अंतरावर तिची गाडी थांबली.

बॉर्गिलने आरशात बघितलं असणार. ती वाऱ्यात वाकून चालत आली.

"उतरायचं नाही म्हणून काय भिंतीला सांगितलं मी?"

"गाडी मेली," याल्मार म्हणाला. "मागचे दिवे बर्फाने झाकलेले. ते पुसले नसते तर ही पोर आदळली असती."

"हातमोजे कुठायत?"

"एक वाऱ्याने नेला. दुसऱ्याने काही पुसलं जाईना."

मागच्या चौघांना उतरवून त्याची गाडी कडेला ढकलली. मग बॉर्गिलने इल्वाचं बाजूचं दार उघडलं आणि म्हाताऱ्याला आत कोंबलं.

"माझ्याकडे जागा नाही. तुझ्यात अठ्ठावन्न होते, अजून चाळीस तरी असतील. हीटर पूर्ण लाव. त्यांच्या हातांकडे लक्ष ठेव, ऊब मिळायलाच हवी."

"हो," इल्वा म्हणाली.

तेव्हा सांगायचं होतं ना? तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. पण बॉर्गिल तोवर ट्रकपाशी पोचली होती, आणि मागच्या गाड्यांच्या चाकांशी बर्फ चढत होतं.

तिने हीटर पूर्ण लावला. आत खरंच ऊब आली, काच विरघळायला लागली. तिने आपले लोकरी हातमोजे काढून त्याला दिले. त्याला ते घालता येईनात. तिने एका हाताने ओढून चढवले. त्याची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होती आणि वाकत नव्हती. दोन किलोमीटर झाले. बारा. अकरा. पुढे अजून एकोणीस किलोमीटर.

याल्मारने पडद्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग मनगटाने बटण दाबून हीटर बंद केला.

"मी सत्तर सांगितले," तो म्हणाला. "खरे चौतीस होते. जुनी बॅटरी. सतरावरून सरळ शून्यावर आली, मध्ये काही नाहीच. तुझे किती होते?"

"एकतीस."

त्याने मनात वजाबाकी केली. "म्हणजे माझी थाप छत्तीसची, तुझी सत्तावीसची. तू बरीच सज्जन निघालीस."

इल्वाला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तिने त्याला सगळं सांगून टाकलं. एस्किल, पाच वाजता, सोमवार, वकील. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याने उजवा हात समोरच्या फळीवर आपटला. हातमोज्यातूनही टक टक असा आवाज आला. एखाद्याने दार वाजवावं तसा. त्याने तो हात लगेच कोटात घातला.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

आता तू इथलीच आहेस, तुला माहीत आहे. दुखतं तोवर ठीक असतं.

"आजोबा, मी हीटर लावते."

"लावलास तर चार किलोमीटर आधी बंद पडशील. हिशेब केलाय मी."

"मग हॉर्न वाजवते. बॉर्गिल तुम्हाला घेईल. त्या पोरांपैकी एकाला इकडे बसवेल."

"आणि तुझा आकडा बघेल. गाडी इथे सोडायला लावेल. तुला कुठे बसवेल?" वारा इतका जोरात आला की दोघांनीही छताकडे बघितलं. "मागे नऊ गाड्या आहेत पोरी. आत्ता थांबायला चांगली जागा नाही ही. मला गरम होतंय, तू चालव."

त्याचे ओठ निळे होते.

इल्वाचा अंगठा हॉर्नवर होता. मला हे सांगताना ती दर वेळी इथे थांबते. अंगठा हॉर्नवर होता, तीनदा दाबायचं, एवढंच. तिच्या डोक्यात मागच्या नऊ गाड्या होत्या हे खरं. पण घड्याळही होतं. चारला वीस मिनिटं कमी.

तिने अंगठा काढला.

पुढचं तिला तुटक आठवतं. सात. म्हातारा मध्येच डोळे मिटायचा, ती ओरडून त्याचं नाव घ्यायची, तो म्हणायचा, "आहे गं, इथेच आहे, कुठे जाणार." पाच. तो तिला खांब मोजायला लावत होता. तीन. प्रत्येक वळणाला तिला वाटायचं, आता सतराचं शून्य झालं तसं तिनाचं होणार. दोन. आणि मग उतार लागला. उतारावर गाडी थोडं परत कमावते ना, दोनाचे तीन झाले आणि तीनच राहिले, आणि वारा मागे पडला, आणि खालचं फाटक दिसलं.

साडेचार.

गाडी पुरती थांबायच्या आधी याल्मारने कोपराने दार उघडलं आणि बाहेर पडला, बॉर्गिल जवळ यायच्या आत, तिला आतली थंडी कळायच्या आत. फाटकाजवळच्या खोलीच्या दारात तो उभा राहिला. इल्वाने काच खाली केली होती, तिला ऐकू आलं.

"काका, ऊब मिळाली?"

"भट्टी होती. मीच म्हटलं, जरा कमी कर."

बॉर्गिलने वहीत काहीतरी लिहिलं. तिथून गावापर्यंत सगळा उतारच, पाचला सात कमी असताना इल्वा सिंद्रेच्या दारात होती. एस्किल मागे चढून बसला आणि म्हणाला, "आई, गाडीत केवढं गार आहे." सिंद्रेने घड्याळ बघितलं, दप्तर दिलं, दार लावून घेतलं.

झालं, असं वाटलं ना तुला? तिलाही वाटलं.

मागच्या आठवड्यात रस्त्याच्या कार्यालयातून कागद आला. एकतर गाडी डोंगरावर अडकली, वर माणसाला इजा, म्हणजे चौकशी ठरलेलीच. उजव्या हाताची तीन बोटं काढली याल्मारची. कागदावर प्रश्न फार नाहीत. एक असा: प्रवाशाला घेतल्यानंतर गाडीत हीटर सतत चालू होता का? हो की नाही.

"हो" लिहिलं तर सगळं त्याच्यावर. खोटा आकडा सांगितला, नियम मोडून उतरला, बोटं बाहेरच गेली. विमा दमडी देणार नाही, लायसन्सही जाईल, आणि त्या गावात लायसन्स गेलं की माणूस घरात बसून खिडकी बघतो. "नाही" लिहिलं तर अठ्ठावन्नचं काय ते विचारणार. आणि तो कागद सिंद्रेच्या वकिलाच्या हातात पडायला किती वेळ लागतो?

त्याच दिवशी याल्मारचा फोन आला.

"मी 'हो' लिहून पाठवलंय. डाव्या हाताने लिहिलं, अक्षर बघून हसतील मेले. तूही 'हो' लिही, म्हणजे जुळेल."

"आजोबा, पण..."

"तू माझ्या अंगावर गाडी घातली नाहीस. मी दिवे पुसले, तू ब्रेक मारलास. फिटलं." मग त्याने विचारलं, "पोरगा बरा आहे का?"

"बरा आहे."

"मग झालं तर."

उद्या शेवटची तारीख आहे. काल मी तिच्याकडे गेले होते, तो कागद जेवणाच्या टेबलावर तसाच पडलेला. एस्किल शेजारी बसून चित्र काढत होता, त्याने पेन मागितलं तर तिने दिलं नाही. मला म्हणाली, तू सांग. मी कॉफी संपवून निघून आले, आणि तेव्हापासून नुसती फिरतेय.

तू काय लिहिलं असतंस?