चुलीत गेलेलं चरित्र

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी कादंबरी आहे, त्यात राहते मुळशीला. इथल्या पावसात मला कुबट वास येणारच. तुमच्या गाद्यांना नाही येत का?

माझा जन्म इंग्लंडातला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला. मार्था क्रॅगडेल नावाच्या बाईंनी मला लिहिलं. आधी मी एका मासिकातून तुकड्यातुकड्यानं छापून आले. पुढच्या तुकड्यासाठी लोक महिनाभर ताटकळत बसायचे. मग माझी बांधणी झाली, अंगावर विटकरी कव्हर चढलं आणि कुठल्याशा साहेबाच्या पेटीतून मी पुण्याला आले. काय ते दिवस होते! आधी कुणी वाचायचं म्हणून दोन बहिणींत माझ्यावरून जुंपली होती.

पुढे वाचणारे गेले आणि मी रद्दीत गेले. तिथून मुळशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टनं मला किलोच्या भावानं उचललं. का, तर माझी पाठ त्यांच्या सोफ्याच्या रंगाला शोभत होती! लोक माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. उघडलं मात्र एकानंही नाही. खरं सांगते, फार वाईट वाटायचं. त्यात मला बुरशी धरली आणि मॅनेजर म्हणाला, "टाकून द्या हे."

तिथं साफसफाई करणाऱ्या तानूबाईंनी मला पिशवीत घातलं. वाचायला नव्हे बरं! पावसाळ्यात लाकडं पेटत नाहीत, चुलीला कागद हवा म्हणून.

पण घरी त्यांची लेक उत्कर्षा होती. ती कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती. सरांनी प्रत्येकाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक कादंबरीकार निवडून त्याचं चरित्र आणि लेखनशैली यांवर वर्गात बोलायला सांगितलं होतं. नावाजलेले लेखक बाकीच्यांनी आधीच पटकावले होते. इंग्रजी बोलताना ही अडखळायची आणि मुलं हसायची. तिनं तर ठरवूनच टाकलं होतं, यात नापास झाले की कॉलेज सोडायचं आणि पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंगला लागायचं. तिच्या वडिलांनी, जालिंदरनं, ठेकेदाराच्या कानावर घालूनही ठेवलं होतं.

तिनं मला उघडलं. माझ्या अगदी पुढच्या, गोष्टीआधीच्या पानांवर बाईंचं सगळं चरित्र छापलेलं होतं. पोरीचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू! ते सावकाश वाचू म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी आधी सरांना मार्था क्रॅगडेल हे नाव देऊन टाकलं.

संध्याकाळी घरी येऊन बघते तर ती पुढची पानं गायब.

"आये, पानं कुटं गेली हितली?"

"चहाला चूल पेटंना, म्हणून घेतली," तानूबाई म्हणाल्या. "पर गोष्टीला हात न्हाई लावला हां! पुढं जाहिराती असत्यात, तेवढीच फाडली."

रिसॉर्टवरच्या मासिकांत पुढे जाहिरातीच असतात. बिचारीनं गोष्ट जपली आणि गोष्ट लिहिणारी जाळली. उत्कर्षा ढसाढसा रडली. फोनवर शोधलं, तर माझ्या बाईंबद्दल दोन ओळी मिळेनात. मला सगळं पाठ होतं, पण पुस्तकाला तोंड कुठं असतं?

"झालं, संपलं कॉलेज," ती म्हणाली.

तिचे आजोबा धुळाजी कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसले होते. उभा जन्म त्यांनी मेंढरांमागं काढला होता. ते म्हणाले, "संपतंय कशानं? मानूस बोलाय लागला की कळतुया, कुटला हाय, काय करतुया ते. ही बाई एवढं बोललीया. वाच, ऐकू दे."

मग रोज संध्याकाळी उत्कर्षा मला वाचून मराठीत सांगू लागली. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या पानांना माणसाचा आवाज लागला! मी मनातल्या मनात फुगून बसले.

एका प्रकरणात मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला पांघरतात. मग मेलेल्याची आई वासाला फसते आणि पोरक्याला पाजते. आजोबा ताठ बसले. "हे ऐकून लिवता येत न्हाई. ह्या बाईच्या हाताला त्यो वास लागलेला हाय. मेंढपाळाघरची लेक हाय ही!"

अगदी खरं! चुलीत गेलेल्या दुसऱ्याच पानावर तेच तर होतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

तानूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दर येळंला गोष्टीत कोण काय मोठं सांगाय लागलं की हिचं दूध उतू जातंय, न्हाईतर पोर रडतंय. हिला सलग बसाय मिळालंच न्हाई बघ. सैपाकघरात बसून लिवलंय हिनं, उठबस करत."

हेही खरं! ओट्याशेजारच्या टेबलावर बाई लिहायच्या. हातातलं टाकून उठावं लागे, प्रकरण तिथंच तुटे, आणि मासिकाचे वाचक महिनाभर हळहळत.

"आणि वाक्यं बघ ना, आये," उत्कर्षा म्हणाली. "ही एवढाली लांब! मधेच वाचकाला हाक मारते, 'बघा हं, मी सांगितलं नव्हतं का?' दुष्ट माणसाला आधी झोडपते, मग त्याला सर्दी झाली म्हणून हळहळते. कुणालाच पुरतं वाईट ठेवत नाही."

"नवरे सोडून," आजोबा म्हणाले. "हिच्या गोष्टीतला एक नवरा धड न्हाई. हिचा दादला दारुडा असणार, लिवून घे."

अरे देवा! त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करणारे, गरीब गायीसारखे. बायकोच्या खरडलेल्या कागदांची स्वच्छ नक्कल तेच करायचे. पण सांगणार कशी?

तो दिवस आला. उत्कर्षा मला छातीशी धरून वर्गात उभी राहिली. तिचं काळीज धडधडत होतं, ते मला कव्हरातून कळत होतं.

"बाईंचं चरित्र कुठाय?" सरांनी विचारलं.

"सर, ते आमच्या चुलीत गेलं."

वर्ग खो खो हसला. ती थांबली नाही. घडलं ते तिनं सगळं सांगितलं. मग एकेक उतारा वाचून त्यातून बाई कशा दिसतात ते दाखवलं. कोकरू आलं, उतू गेलेलं दूध आलं, वाचकाला मारलेली हाक आली. मधे इंग्रजी अडलं की मराठीत बोलली आणि पुन्हा इंग्रजीवर आली. हसणारी मुलं हळूहळू पुढं वाकून ऐकू लागली. शेवटी नवऱ्याचा अंदाजही तिनं सांगून टाकला.

सर म्हणाले, "पास तर तू झालीसच. पण दारुड्याचं खरं का खोटं, ते शोधून काढ. पुण्याच्या एका ग्रंथालयात याची दुसरी प्रत असेल, चिठ्ठी देतो."

बसनं ती मला घेऊन गेली. कपाटात माझी जुळी बहीण भेटली, माझ्याहून धडधाकट! तिच्या पुढच्या पानांची झेरॉक्स घेऊन आम्ही घरी आलो. उत्कर्षानं ती सगळ्यांना वाचून दाखवली. मेंढपाळाची लेक म्हटल्यावर आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. स्वयंपाकघर आलं तेव्हा तानूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग घड्याळवाले यजमान आले आणि आजोबांची मान खाली गेली. त्यांनी मला चक्क हात जोडले. "पाव्हणं, चुकलो. उगाच बदनामी केली तुमची."

मग दाभण आणि दोरा घेऊन त्यांनी ती पानं मला पुढं शिवली. टाके जरा ओबडधोबड आहेत, पण मला मिरवावेसे वाटतात. जालिंदरनं ठेकेदाराला फोन केला, "पोरगी येत न्हाई, तिला शिकायचंय."

मित्रांनो, शोभेला ठेवण्यापेक्षा मला मळक्या हातांनी वाचलेलं आवडेल. जुनं पुस्तक टाकायचं असलं तरी आधी एकदा उघडून बघा, एवढंच मागणं आहे माझं. मी आता माळ्यावर, चुलीच्या उबेला कोरडी राहते. खाली तानूबाई रोज चूल पेटवतात. पण हाताला कुठलाही कागद लागला, अगदी वाण्याच्या पुडीचा का असेना, तरी आधी हाक मारतात, "उत्कर्षा, बघ गं, ह्याच्यात कुनाचा जन्म तर न्हाई ना?"